बळ आणि दर्जा : बौद्ध वाङ्मयातील एक जुना वाद

संकल्प सोडताना आपण 'बौद्धावतारे' असे म्हणतो. परंतु ज्याचे नाव घेतो त्याने काय सांगितले याची चौकशी आपण क्वचितच करतो. गेल्या चातुर्मासात आमच्या गावच्या देवळात ही उणीव थोडीबहुत भरून निघाली. जोयडा तालुक्यातील आमच्या भागात रानात विखुरलेल्या वाड्यांतून माणसे रात्री देवळात जमतात आणि कोणी तरी ग्रंथ वाचतो, ही चाल जुनी आहे. या खेपेस नेहमीच्या पोथीच्या जोडीस धर्मानंद कोसंबी यांचे 'भगवान बुद्ध' वाचावे असे ठरले. कोसंबी आपल्याच गोमंतकातील सांखवाळचे. १८७६ साली सारस्वत घरात जन्मलेल्या या गृहस्थाने पुढे सिंहलद्वीपात व ब्रह्मदेशात जाऊन पाली त्रिपिटक मुळातून अभ्यासिले आणि उतारवयात हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्याची भाषा इतकी साधी, की तो देवळाच्या सभामंडपात मोठ्याने वाचता येतो.

वाचन भिक्षुणीसंघाच्या भागाशी आले, त्या रात्री मागे बसलेल्या एका वृद्ध बाईंनी कोंकणीत एवढेच म्हटले : "लाकडांचो भारो व्हरूंक आमी, पूण पालखी व्हरूंक दादलेच." मंडपात हशा झाला. ज्यांना त्या वाक्याचा संदर्भ ठाऊक होता ते मात्र हसले नाहीत. आदल्या जत्रेस पालखीला खांदेकरी कमी पडले होते. गावची तरणी पोरे गोव्यात, बेळगावात, पुण्यात नोकरीस. जत्रेस सर्वांनाच रजा मिळते असे नाही. तेव्हा चार-पाच बायांनी पुढे होऊन, आम्ही खांदा देतो असे सुचविले. कमिटीने नकार दिला. कारण सांगितले ते असे, की दांडा जड आहे, बायकांच्या खांद्याला तो झेपणार नाही. मी त्या कमिटीचा सभासद आहे, धंद्याने वकील आहे, आणि त्या सभेत मी गप्प बसलो होतो. प्रस्तुत लेखास निमित्त झाले ते त्या बाईंचे वाक्य आणि माझे ते गप्प बसणे.

प्रश्न असा, की पुरुषाचे शरीरबळ सामान्यतः अधिक असते ही गोष्ट मान्य केली, तर तीवरून स्त्रीच्या दर्जाविषयी काय सिद्ध होते? बौद्ध वाङ्मयात या प्रश्नाचा जितका मोकळा ऊहापोह आढळतो, तितका आपल्या जुन्या वाङ्मयात अन्यत्र फारसा आढळत नाही. तेथे दोन आवाज आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. ते भांडण समजून घेतले पाहिजे.

पहिला आवाज अंगुत्तरनिकायात ऐकू येतो. तेथे आठ प्रकारची बळे मोजली आहेत. पोराचे बळ रडणे, स्त्रीचे बळ क्रोध, चोराचे बळ शस्त्र, राजाचे बळ सत्ता. मूर्खाचे बळ दुसऱ्यास नावे ठेवणे, शहाण्याचे बळ समजूत घालणे, बहुश्रुताचे बळ विचार, आणि श्रमणब्राह्मणांचे बळ क्षमा. स्त्रीच्या वाट्यास क्रोध आला हे वाचून आजच्या वाचकाची भुवई उंचावेल आणि ते योग्यच आहे. परंतु वकिलाच्या नजरेने ही यादी पुन्हा वाचावी. तीत काय नाही ते पाहावे. पुरुषाचे म्हणून बाहुबळ या यादीत नाही. दुसऱ्याचे शरीर जिंकणारे बळ जेथे आले आहे तेथे ते चोराच्या हाती आहे. आणि सर्वांच्या शेवटी ठेवलेले क्षमेचे बळ असे आहे, की ज्यास दंडाच्या घेराशी काही कर्तव्य नाही.

दुसरी गोष्ट 'वीर्य' या शब्दाची. बौद्धांच्या पाच बळांत श्रद्धा, स्मृती, समाधी व प्रज्ञा यांच्या बरोबरीने वीर्य येते. शब्द 'वीर' यापासून निघालेला, म्हणजे त्यास पौरुषाचा वास आहे. पण बुद्धाने आरब्धवीर्य म्हणून, म्हणजे नेटाने उद्योग करणाऱ्या भिक्षुणींत अग्रगण्य म्हणून, जिची गणना केली ती कोण? सोणा थेरी. थेरीगाथेप्रमाणे ही दहा मुलांची आई. म्हातारपणी, अंग थकल्यावर संघात आलेली. अट्ठकथेत सांगितले आहे, की रात्री अंधारात तोल जाऊ नये म्हणून ती खांबास हात धरून फेऱ्या घालीत ध्यान करी. वीर्याचा आदर्श म्हणून अशी खांब धरून चालणारी म्हातारी निवडणे, यात शब्दाचा अर्थच बदलून टाकला आहे. त्याच थेरीगाथेत धम्मा थेरी काठी टेकीत भिक्षेला निघते, अंग थरथरते, ती जमिनीवर कोसळते, आणि त्या कोसळण्याच्या क्षणीच तिचे चित्त मुक्त होते. चित्ता थेरी आजारी व कृश असूनही काठीच्या आधाराने डोंगर चढते. शरीर दुबळे आहे हे या बायका लपवीत नाहीत. त्या दुबळेपणाने आपले काही अडले नाही, एवढेच त्या सांगतात.

आणि सोमा थेरी. श्रावस्तीजवळच्या अंधवनात झाडाखाली ती बसली असता मार येऊन तिला हिणवितो, की ऋषींसही जे पद कष्टाने मिळते ते दोन बोटांच्या अकलेच्या स्त्रीस कोठून मिळणार! या दोन बोटांचा अर्थ अट्ठकथाकार सांगतात तो आपल्या घरातलाच आहे : भात शिजला की नाही हे स्त्रिया दोन बोटांत शीत चेपून पाहतात, तेवढीच त्यांची अक्कल. मराठीत मात्र आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो आणि तीस शहाणपण समजतो! सोमेचे उत्तर थोडक्यात असे, की चित्त स्थिर होऊन धर्म यथार्थ दिसू लागल्यावर स्त्रीपणाचा प्रश्न उरतोच कोठे? मी स्त्री, मी पुरुष, असे ज्याच्या मनात घोळत असेल त्याच्याकडे माराने जावे. 'स्त्रीसही जमेल' असे ती म्हणत नाही. त्या ठिकाणी हा प्रश्नच गैरलागू आहे असे ती म्हणते. न्यायालयाच्या भाषेत, ती दावा लढवीत नाही. दावा चालण्यासारखाच नाही असे दाखवून देते.

आता दुसरा आवाज. महाप्रजापती गोतमीने संघात प्रवेश मागितला, बुद्धाने तीनदा नाकारला, तेव्हा आनंदाने विचारिले, की स्त्री अर्हत्पद मिळवू शकते की नाही? बुद्धाने होय म्हटले. येथे योग्यतेचा निकाल लागला. परंतु प्रवेश मिळाला तो आठ गुरुधर्मांच्या अटीवर. त्यांतील पहिलाच असा, की भिक्षुणीस दीक्षा घेऊन शंभर वर्षे झालेली असली, तरी तिने त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूस वंदन करावे. आणि पुढे एक दृष्टांत येतो : ज्या घरात बायका पुष्कळ व पुरुष थोडे, त्या घरावर दरोडेखोर सहज घाला घालतात, तद्वत् स्त्रियांच्या प्रवेशामुळे हा धर्म फार काळ टिकणार नाही. त्याच निकायांत अन्यत्र असेही सांगितले आहे, की स्त्री बुद्ध किंवा चक्रवर्ती होणे असंभवनीय. हे सर्व झाकून ठेवून केवळ सोमेचे उत्तर पुढे करणे हा प्रामाणिकपणा नव्हे.

कोसंबींनी हे झाकले नाही. आठ गुरुधर्म मागाहून कोणी तरी घातले असावेत असे त्यांचे मत आहे, आणि त्याचे कारण कायदेपंडितास शोभेल असे आहे : दोष घडल्यावाचून नियम करावयाचा नाही ही विनयाची सर्वत्र दिसणारी पद्धत, मग अपराधापूर्वीच आठ नियम कसे झाले? मी त्यास आणखी एक पुरावा जोडतो. या नियमांपैकी एकात, दोन वर्षे शिक्षण घेतलेल्या उमेदवार स्त्रीने दोन्ही संघांकडून उपसंपदा घ्यावी असे आहे. ज्या घटकेस एकही भिक्षुणी नाही, त्या घटकेस भिक्षुणींचा संघ कोठला आणि उमेदवारी कोठली? दस्तऐवजात त्याच्या तारखेस अस्तित्वात नसलेल्या संस्थेचा उल्लेख सापडला, तर आम्ही तो दस्तऐवज मागाहून केलेला समजतो. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५१ साली, बुद्धाने स्त्रियांस हीन लेखिले या एका साप्ताहिकातील आरोपास उत्तर देताना, या प्रश्नाची इंग्रजीत चर्चा केली. भिक्षुणीसंघ भिक्षुसंघाच्या देखरेखीखाली ठेवण्यात स्त्रीच्या हीनतेचा सिद्धांत नाही, ती व्यवहाराची गोष्ट होती, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे.

या दोन थोर पंडितांविषयी पूर्ण आदर बाळगून मला म्हणावयाचे आहे, की एवढ्याने प्रश्न मिटत नाही. समजा, एखादे मृत्युपत्र बनावट आहे असे आज सिद्ध झाले. पण त्या मृत्युपत्रान्वये वीस पिढ्यांनी जमिनीचा उपभोग घेतलेला आहे. मग ते बनावट होते एवढे सांगून जी बहीण वाट्यास मुकली तिचे काय भागले? गुरुधर्म बुद्धाचे असोत वा नसोत, संघ त्यांवर चालला. आणि व्यवहाराची गोष्ट म्हणावी, तर कोणता व्यवहार, हे तपासले पाहिजे. दरोडेखोरांच्या दृष्टांताचा आधार घेऊन दोन निरनिराळ्या जातींचे नियम एकाच गाठोड्यात बांधले गेले आहेत. ते सोडवून वेगळे करावयास हवेत.

पहिली जात संरक्षणाची. भिक्षुणीने एकटीने प्रवास करू नये, एकटीने नदी ओलांडू नये, रात्री एकटीने राहू नये, असे नियम विनयात आहेत. त्यांच्या मागे खरा धोका होता. उत्पलवर्णेची कथा सर्वांत दुःखद आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेप्रमाणे ती अंधवनात झोपडी करून राहत असता तिच्या पूर्वाश्रमीच्या एका नातेवाइकाने झोपडीत दडून बसून तिच्यावर बलात्कार केला. त्यानंतर भिक्षुणींसाठी राजाकरवी नगरात निवास बांधविला गेला आणि त्यांचे रानात राहणे थांबले. हे तेच अंधवन, की जेथे सोमेने माराचे तोंड बंद केले! संयुत्तनिकायात उत्पलवर्णाही माराला सांगते, की लाखो धूर्त आले तरी माझा केसही हलणार नाही. मनाच्या रणात ती जिंकली. देहाच्या रणात बळ दुसऱ्याचे होते. दोन्ही गोष्टी एकाच परंपरेने जपून ठेवल्या, ही त्या परंपरेची सचोटी समजली पाहिजे.

या कथेतील एक बारीक मुद्दा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा. उत्पलवर्णेस दोष लागला काय, असा प्रश्न संघात निघाला, तेव्हा निर्णय झाला, की जिची संमती नाही तिचा अपराध नाही. तिने किती झुंज दिली, तिच्या अंगावर जखमा होत्या की नाहीत, असे विचारिले गेले नाही. आता आपल्या काळाकडे पाहा. महाराष्ट्रातील देसाईगंज येथे १९७२ साली पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, या मुद्द्यांवर भर देऊन आरोपी शिपाई सुटले. देशभर क्षोभ झाला, १९८३ साली कायदा बदलला. आणि शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत येण्यास २०१३ साल उजाडले. बळाचा अभाव म्हणजे संमती नव्हे, ही गोष्ट विनयपिटकास ठाऊक होती आणि आम्हा कायदेपंडितांस ती पुन्हा शिकावी लागली.

दुसरी जात दर्जाची. शंभर वर्षांच्या भिक्षुणीने एका दिवसाच्या भिक्षूस वंदन केल्याने कोणता दरोडेखोर परत फिरतो? या नियमाने एकाही स्त्रीचे एकाही रात्री रक्षण झाले नसेल. भेद येथे आहे. संरक्षणाचा नियम धोक्यावर उभा असतो. धोका दाखवावा लागतो आणि धोका सरला की नियमही सरला पाहिजे. दर्जाच्या नियमास कोणताच धोका दाखवावा लागत नाही, म्हणून तो कधी सरतही नाही. आणि तो आपल्या अंगावर संरक्षणाची शाल पांघरून येतो, म्हणून त्याच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. पंजाबातील १९१४ च्या अबकारी कायद्याने, जेथे मद्य प्राशन केले जाते तेथे स्त्रियांस नोकरीस ठेवण्यास बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ती रद्द करताना सांगितले ते असे, की स्त्रीस धोका असेल तर राज्याने तो धोका दूर करावा, तिचे स्वातंत्र्य दूर करू नये. उत्पलवर्णेच्या बाबतीत नेमके उलटे झाले. अपराध पुरुषाने केला आणि रान स्त्रियांस बंद झाले.

याचा परिणाम काय झाला, तोही इतिहासात नोंदलेला आहे. लंकेत अकराव्या शतकाच्या सुमारास भिक्षुणींची परंपरा खंडित झाली. भिक्षूंची परंपराही तेथे पुढे क्षीण होऊन लोपली होती; परंतु १७५३ साली सयामहून भिक्षू आणवून ती पुन्हा सुरू करण्यात आली. स्त्रियांच्या बाबतीत मात्र दोन्ही संघांकडून उपसंपदा हा नियम आडवा आला : भिक्षुणी नाहीत म्हणून भिक्षुणी होणे नाही. त्या कोंडीतून वाट निघाली ती १९९६ साली सारनाथ येथे आणि १९९८ साली बुद्धगयेस झालेल्या उपसंपदांनी, आणि त्यांवरही अद्याप सर्व थेरवादी संघांचे एकमत नाही. दरोडेखोरांच्या भीतीने घातलेल्या कुलपाने घरच ओस पाडले.

खुद्द कोसंबींच्या चरित्रातही हा प्रश्न डोकावतो. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते बुद्धाच्या शोधात गोव्याबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, लंका असा तो प्रवास 'निवेदन' या आत्मकथनात त्यांनी स्वतःस न वाचविता लिहिला आहे. वाचताना वारंवार मनात येते, की फाटक्या कपड्यांनिशी, अनोळखी गावी, अन्नछत्रात जेवून कोठेही अंग टाकणे हे त्या काळी पुरुषासच शक्य होते. बाळाबाईंच्या मनात तीच जिज्ञासा उत्पन्न झाली असती, तर त्यांनी कोणत्या धर्मशाळेत रात्र काढली असती? कोसंबींची योग्यता यामुळे तिळमात्र कमी होत नाही. परंतु जिज्ञासेला मोकळा रस्ता लागतो, आणि रस्ता मोकळा असणे हे जिज्ञासूच्या योग्यतेवर अवलंबून नसते, हे मात्र त्यातून कळते.

हे सर्व आपल्यापासून फार दूरचे आहे असे कोणी समजू नये. अशोकाच्या काळी जे धर्मोपदेशक निरनिराळ्या देशी पाठविले गेले, त्यांत रक्षित थेर वनवास देशी आला असे महावंसात आहे; तो वनवास म्हणजे आपल्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासी, असे विद्वान मानतात. तेथील मधुकेश्वराच्या देवळात आजही एक नागशिळा आहे. तिच्यावरील प्राकृत लेखात सातकर्णी नाव धारण करणाऱ्या एका राजाच्या कन्येने नाग, तळे आणि विहार यांचे दान दिल्याचे नोंदले आहे. ज्या देवळात आपण हात जोडतो, त्याच्याच आवारात एका स्त्रीने बांधविलेल्या विहाराची साक्ष उभी आहे. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख याहून प्रसिद्ध. तीत पुत्राच्या भुजांचे, पराक्रमाचे, जिंकलेल्या देशांचे वर्णन भरपूर आहे. स्वतः राजमातेचे वर्णन सत्य, दान, क्षमा, अहिंसा, तप आणि संयम या गुणांनी केले आहे. अंगुत्तरनिकायाची यादी येथे आठवते : राजास सत्तेचे बळ, आणि क्षमेचे बळ श्रमणांचे. लेण्याचे दान करणारी आई त्या मापाने कोणाच्या पंक्तीस बसते, हे वाचकांनीच ठरवावे.

माझा निष्कर्ष असा. बौद्ध वाङ्मयाने शरीरबळातील भेद नाकारला नाही, हे त्याचे शहाणपण. त्या भेदाचा योग्यतेशी संबंध नाही असे सोमेच्या तोंडून सांगितले, हे त्याचे मोठेपण. आणि तोच भेद पुढे करून संघाने मानाची उतरंड रचली, ही त्याची चूक. ही चूक बौद्धांचीच आहे असे समजून आपण समाधान मानून घेऊ नये; बोट दुसऱ्याकडे दाखविताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात ते सर्वांस ठाऊक आहे.

आता पालखीकडे वळतो. दांडा जड आहे, हे खरे. मी स्वतः खांदा दिलेला आहे आणि दुसऱ्या दिवशी मान वळविता आली नव्हती. पण माझ्यापेक्षा त्या बाया सशक्त आहेत. डोईवर चुंबळ ठेवून लाकडांचा भारा घेऊन त्या घाटी चढतात, चिखलात दिवसभर वाकून लावणी करतात, रानातले कंद खणून काढतात. आणि आम्ही कमिटीवाले त्या वेळी चहा पीत असतो. तेव्हा बळ हे कारण असेल, तर ते तपासता येते : दांडा उचलून पाहावा, ज्याला झेपेल त्याने खांदा द्यावा, ज्याला झेपणार नाही त्याने, मग तो माझ्यासारखा वकील का असेना, बाजूस व्हावे. कारण दुसरे काही असेल, रूढीचे, सोवळ्याचे, मानाचे, तर त्यावरही देवळात बसून विचार होऊ शकतो. रूढीस स्वतःची बाजू मांडण्याचा हक्क आहे आणि ती ऐकून घेणे आपले कर्तव्य आहे. परंतु मानाचे कारण पोटात ठेवून ओझ्याचे कारण ओठांवर आणणे, हे देवासमोर बरे दिसत नाही.

कमिटीची पुढील सभा जत्रेपूर्वी आहे. मी एवढीच सूचना मांडणार आहे, की नकार द्यावयाचा असेल तर त्याचे खरे कारण इतिवृत्तात लिहावे आणि ते देवळात मोठ्याने वाचावे. त्या वृद्ध बाई मागे बसलेल्या असतीलच.